पान लागलं

केज
१९ डिसेंबर २०२४

सौरभ भाऊजी,

वहिनीनं दिराला लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहीत नाही. काम आहे म्हणून पत्र आहे. काम संपलं की पत्रही संपलं.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, भगवानरावांचाही. मेलला उत्तर देत नाही. मग पोस्ट राहिलं. पुण्याचा पत्ता तुमच्या मावसबहिणीकडून काढला. तिनं लई आढेवेढे घेतले, तिला बोल लावू नका.

काम असं. सर्पमित्र पथकाची वेबसाइट तुम्ही ज्या सर्व्हरवर ठेवली, तो सर्व्हर ३१ जानेवारीला बंद होणार आहे. पथकाच्या मेलवर तशी नोटीस आली, तुम्हालाही आली असणार. त्यानंतर कुणी आपल्या पथकाचं नाव टाकलं की कोरी पाटी. घरात साप निघालाय, लेकरं खाटेवर चढून बसलीत, आणि माणूस फोनमध्ये बघतोय तर काहीच नाही.

मी तुमच्यासारखी इंजिनियर नाही. झेरॉक्सचं दुकान आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणं, एवढंच माझं कॉम्प्युटर. पण एवढं मलाही कळतं की आपली साइट म्हणजे चार-सहा पानं. विषारी साप कुठले, बिनविषारी कुठले, त्यांचे फोटो. साप चावला तर काय करायचं. कुठल्या गावाला कुणाला फोन करायचा, त्याची यादी. त्यात ना काही विकायचं, ना कुणाला लॉगिन करायचं. त्याच्यासाठी तुम्ही एवढं मोठं यंत्र लावून ठेवलंत, की साधा एक आकडा बदलायचा तर त्या काळ्या खिडकीत काय काय टाइप करावं लागतं. म्हणजे दोन भाकरी थापायला साखर कारखाना उभा केला. तुम्ही होता तोवर चाललं.

पथकातल्या मंगलचा नंबर बदलून वर्ष झालं. साइटवर अजून जुनाच आहे. तो जुना नंबर आता धारूरकडच्या एका शेळ्यावाल्याला मिळालाय. लोक त्याला फोन करतात, "ताई, नाग निघालाय, लवकर या." तो बिचारा कुणाला टाळत नाही. मंगलचा नवा नंबर त्याला पाठ झालाय, तोच सांगतो. म्हणजे सध्या आपलं पथक त्या शेळ्यावाल्याच्या जिवावर चाललंय.

आपले कंडक्टर भगवानराव एसटीतून रिटायर झाले, पण घंटी काही सुटली नाही. परवा बैठकीत म्हणले, "येक आकडा बदलायला पुण्याला इचारावं लागतं व्हय? मारा डबल बेल, नवी गाडी काढा." तर नवी जागा मी शोधलीय. तिथं आपलं फोल्डर ओढून टाकलं की साइट चालू. पुढं काही बदलायचं झालं तर मी, मंगल, कुणीही बदलू शकेल.

तुमच्याकडून दोनच गोष्टी पायजेत. एक, साइटच्या सगळ्या फायली. दुसरी, साइटचं नाव. ते नाव तुमच्या खात्यात आहे आणि जुन्या सर्व्हरकडं बोट दाखवतंय. ते बोट नव्या जागेकडं वळवायचं. ते तुमच्याशिवाय कुणालाच करता येत नाही. नाव वळलं नाही तर मी इकडं कितीही छान साइट लावली तरी ती कुणाला सापडायची नाही.

यादीत पहिला नंबर अजून तुमच्या दादांचाच आहे. तो फोन मी बंद केलेला नाही. मीच उचलते.

रूपाली


केज
३ जानेवारी २०२५

सौरभ भाऊजी,

फायली मिळाल्या. मेलला फायलींची पुडी जोडलेली, आणि मेलमध्ये एक अक्षर नाही. असू द्या. नाव मात्र अजून वळलेलं नाही. ते मी या पत्रात परत मागतेय.

फायली उघडून बघितल्या. सगळं मराठीत. मुखपान, दुवा, शोधा. फायलींची नावं तेवढी इंग्रजीत, ती पण कधी मोठ्या अक्षरात, कधी लहान. मला वाटलं, एकसारखी करावीत. केली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळं छान दिसत होतं. नव्या जागेवर टाकलं, भगवानरावांना लिंक पाठवली, तर त्यांचा फोन. "रूपाली, आगं साप कुठं गेले?"

सगळे फोटो गायब. नुसत्या चौकटी आणि खाली नावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि वर काहीच नाही. भगवानराव म्हणले, "पथकाच्या साइटवरून साप पळाले, आता कुणाला बोलवायचं?" मंगल हसून हसून खाली बसली. मला कळत होतं की हे हसण्यासारखं आहे. मी हसले पण. आवाज आला हसल्याचा.

मग दोन दिवस घालवल्यावर उमगलं, की तिथं मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतात. परत सगळी नावं जशीच्या तशी केली. साप आले.

त्या पानांवरनं हात फिरवताना तुमचा तो नियम आठवला. पेज म्हणायचं नाही, पान म्हणायचं. लोड झालं म्हणायचं नाही, लागलं म्हणायचं. "रेंज लागते, फोन लागतो, तसं पान लागतं. आपल्या माणसांसाठी साइट हाय तर आपल्या भाषेत बोला." तुमच्या दादांना त्याचं केवढं कौतुक. पोरगा पुण्याला जाऊन इंग्रजी शिकून आला आणि आम्हाला मराठी शिकवतोय, असं सगळ्यांना सांगायचे. तुम्ही दोघं फोनवर तासन् तास तेच. पान चढवलं, पान लागलं, पान नाही लागलं. मी म्हणायची, दोघांनी पानटपरी काढा.

घरचं विचारलं नाहीत, तरी लिहिते. आईंचे गुडघे धरतात, बाकी ठीक. मला भाजीत मीठ पडलंय का नाही ते कळत नाही. तोंडाला चवच लागत नाही. आई सांगतात, "आज इसरलीस," मग टाकते. दवाखान्यात दाखवलं, काही नाही म्हणाले.

नावाचं बघा. जानेवारी लागला.

रूपाली


केज
१२ जानेवारी २०२५

सौरभ भाऊजी,

नाव वळलेलं नाही. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तेच बघते. जुनंच दिसतं. मंगलचा जुना नंबर, शेळ्यावाला.

आज तुम्हाला स्पष्टच विचारते. तुम्ही हे मुद्दाम करताय का? आमच्यावर राग आहे म्हणून? राग धरायचा हक्क तुमचा आहे का, ते एकदा स्वतःला विचारा.

काल दुपारी दादांच्या फोनवर एका म्हातारीचा फोन आला. पलीकडं नुसती रड. "साहेब, माझ्या सुनंला पान लागलं ओ." गाव विचारलं, मंगलला पाठवलं, गाडी बोलावली. बाई वाचली. नाग होता, पण वेळेवर दवाखान्यात पोचली. तर मुद्दा असा, की तुमच्या साइटवर लिहिलंय "सर्पदंश झाल्यास". सर्पदंश कोण म्हणतं इथं? चावणाऱ्याचं नाव घेऊ नये, नाव घेतलं की परत येतो, असं मानणारी माणसं आपली. पान लागलं, एवढंच म्हणतात. म्हणून नव्या साइटवर मी सगळ्यात वर मोठ्या अक्षरात तेच टाकलंय. "पान लागलं? आधी हे वाचा."

ते टाइप करताना मला तुमच्या दादांच्या दहाव्याचा दिवस आठवला.

तुम्हाला वाटत असेल मी विसरले. मी काही विसरत नाही, मला नुसतं जाणवत नाही. दोन्ही वेगळं आहे. तुमचे दादा गेले त्या दिवशी ते तुरीच्या वावरातली घोणस धरायला मांजरसुंबा रोडला एकटेच गेलते. ती हाताला डसली. पथकाचा नियम काय होता, तुम्हीच बसवलेला? चावलं की पळायचं नाही, चालायचं नाही, सौरभला फोन करायचा आणि जागीच बसायचं. सौरभ पुण्यातनं एका झटक्यात सगळ्यांच्या फोनवर निरोप टाकणार. त्यांनी तेच केलं. तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला. मग त्यांच्या फोनची बॅटरी गेली. ते बांधावर बाभळीला टेकून बसले. रोडनं येणारी-जाणारी माणसं बघत होती. माणूस सावलीला बसलाय, असंच वाटलं सगळ्यांना.

शेवटी हरिबाची जीप आली. तो ओळखीचा म्हणून थांबला. त्यांनी हरिबाला काय सांगितलं, ते त्यानं दहाव्याला सगळ्यांसमोर सांगितलं. "मी म्हणलो, शहादेवभाऊ, आधी कुणाला कळवलं का न्हाई? तर म्हणले, सौऱ्याला सांगितलंय, तो लावतोय सगळ्यांना कामाला." दवाखान्यात नेताना अंबाजोगाईच्या अलीकडंच ते गेले. कुणालाही निरोप आलेला नव्हता. मी दुकानात फॉर्म भरत बसले होते.

मग मी तुम्हाला विचारलं, सगळ्यांदेखत. फोन आला होता का? तुम्ही म्हणालात, आला होता. काय म्हणाले? तुम्ही खाली बघून म्हणालात, "म्हणला, पान लागलं." मग तुम्ही काय केलंत? "ठेवला."

ठेवला. भाऊ सांगतोय पान लागलं, आणि तुम्ही ठेवला. आईंनी तिथंच हात जोडले, म्हणाल्या, "माझं येकच लेकरू गेलं न्हाई, दोन गेली." तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर तुमच्या मामांनी तुमची कॉलर धरली. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही गेलात.

मला तुमचा खुलासा नको आहे. नाव वळवा. दुसऱ्या कुणाच्या घरात तरी हे होऊ देऊ नका.

रूपाली


केज
२० जानेवारी २०२५

सौरभ भाऊजी,

हे पत्र मी दुकानात बसून लिहितेय. शटर अर्धं ओढलंय, म्हणजे गिऱ्हाईक येणार नाही.

काल नव्या साइटची तपासणी होती. वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या फोनवर उघडते का बघायचं. मंगल धर्मापुरीला तिच्या माहेरी गेलती. मी तिला लिंक पाठवली आणि फोन लावला. इतके दिवस तुमच्याच फायलीत बसलेले, तोंडात तुमचेच शब्द. मी म्हटलं, "मंगल, पान लागलं का?"

पलीकडनं किंचाळी. "आगं बाई! कुणाला? कुठल्या गावाला?" तिनं काठी उचलली, पिशवी उचलली, चपला शोधायला लागली. मी म्हणतेय, "आगं वेबसाइटचं पान, पान," आणि तिला काही ऐकूच येत नाही. तिच्या आईचा आवाज मागून, "कुणाला लागलं गं, कुणाला लागलं?" शेवटी कळलं तेव्हा मंगलनं मला जी शिवी घातली ती इथं लिहीत नाही. म्हणली, "असं इचारतेत का माणसाला! जीव गेला असता माझा."

मी फोन खाली ठेवला, आणि तुमचे दादा गेले तो दिवस डोळ्यांसमोर आला.

भाऊजी, त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला होता. मी चहा टाकत होते. ते दाढी करत होते म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, "दादा, नवं पान चढवलंय, घोणस आन् बिनविषारी डुरक्या कसे वळखायचे त्याचं. तुझ्या फोनवर लागतंय का बघून सांग. मी मिटिंगमध्ये असलो तरी उचलतो, एवढंच सांग लागलं का न्हाई." ते म्हणाले, "घरात रेंज न्हाई. वावराकडं गेलो की बघून सांगतो."

हे सगळं मी ऐकलंय. माझ्या ओट्याजवळ. दोन वर्षं ते माझ्या डोक्यात पडून होतं आणि एकदाही त्याला हात लागला नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. तुम्ही मिटिंगमध्ये असाल. उचलला. ते म्हणाले, पान लागलं रे. पथकात आम्ही बाईट म्हणतो, दंश म्हणतो, ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय, ते स्वतः गावोगाव तसंच शिकवायचे. पण स्वतःला डसल्यावर त्यांच्या तोंडून आईंचाच शब्द निघाला. आणि तुम्ही सकाळपासून त्याच शब्दाची वाट बघत होता.

तुम्ही काय म्हणालात? मी कालपासून तेच शोधतेय. मला वाटतं तुम्ही म्हणाला असाल, "बरं झालं. ठेव मग, मी बघतो." तुमची ती सवयच, प्रत्येक फोन संपताना "मी बघतो" म्हणायची. त्यांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, सौऱ्याला कळलं, तो बघतो. तुम्हाला वाटलं, पान लागलं, काम झालं. दोघांचंही समाधान झालं आणि दोघांनी फोन ठेवला.

म्हणून ते निवांत बसले बाभळीखाली. हरिबा म्हणाला होता की चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तेव्हा वाटायचं, तो आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतोय.

आणि दहाव्याला तुम्ही जे बोललात ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. "म्हणला, पान लागलं. ठेवला." आम्ही सगळे समोर बसलेलो, आणि एकालाही दुसरा अर्थ सुचला नाही. तुम्हाला त्याच क्षणी कळलं असणार ना, आम्ही काय ऐकलं ते? मग गप्प का बसलात? की खरा अर्थ काय होता हे तुम्हालाही हरिबा बोलल्यावरच उमगलं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही?

मी आईंना सांगितलं. त्या सुपात ज्वारी घेऊन निवडत होत्या. मी सकाळच्या फोनपासून सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "म्हंजी त्यानं ऐकलंच न्हाई." मी म्हटलं, ऐकलं, पण दुसरं ऐकलं. त्या म्हणाल्या, "मग तव्हाच कावून न्हाई बोलला?" मी म्हटलं, "आपण बोलू दिलं का?" मग त्या उठल्या, सूप भिंतीला लावलं, आणि मला म्हणाल्या, "त्याला तिकडं जेवायला कोण घालतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मेस असेल.

मला काय वाटतंय म्हणाल, तर खरं सांगते, काही वाटत नाही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. एक तुमच्यावरचा राग तेवढा होता माझ्याकडं. सकाळी डोळे उघडले की तो असायचा, त्याच्या आधारानं अंघोळ, स्वयंपाक, दुकान सगळं व्हायचं. आता तोही नाही. आज सकाळी उठले आणि कशाला उठले ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

माफी वगैरे मागत नाही. कुणी कुणाची मागायची? नावाचंही या पत्रात मागत नाही. तुम्ही ते का वळवत नव्हता, ते आता कळतंय. त्या जुन्या सर्व्हरवर तुमचं ते पान अजून आहे. घोणस आणि डुरक्या कसे ओळखावे. ते बंद झालं की त्यांना शेवटचं दाखवायला केलेलं पान पण गेलं.

ते गेलं नाही, भाऊजी. नव्या जागेवर ते आहे. मी स्वतः चढवलंय, फोटोंसकट. कुठलाच शब्द बदललेला नाही.

रूपाली


केज
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौरभ भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

नाव वळलं. २९ तारखेला सकाळी दुकानात आले, सवयीनं नाव टाकलं, आणि समोर मंगलचा नवा नंबर. मी परत टाकलं. परत तोच. भगवानरावांना फोन केला, ते म्हणाले, "मारली का डबल बेल? सुटली गाडी?" म्हटलं, सुटली. मंगलनं त्या शेळ्यावाल्याला फोन करून सांगितलं, की दादा, आता तुम्हाला तकलीफ नाही. तो नाराज झाला म्हणे. म्हणाला, सवय झाली होती, अधनंमधनं सांगत जा कुणाकुणाला वाचवलं ते.

आता काय काय बदललं ते सांगते. साइट तुमची आहे, तुम्हाला माहीत पायजे.

आमच्यात ठरलंय की वेबसाइटसाठी लागलं हा शब्द वापरायचा नाही. उघडलं म्हणायचं. पान लागलं हे एकाच गोष्टीसाठी राहील. भगवानरावांनी बैठकीत सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं, शाळेतल्यासारखं.

"पान लागलं? आधी हे वाचा" याच्याखाली तुमचंच सगळं आहे. पळू नका, चालू नका, बांधू नका, कापू नका. आधी १०८, मग पथक. फक्त शेवटची ओळ माझी आहे. ती अशी आहे: "फोनवर सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं असं धरू नका. कुणाला चावलं, कुठं चावलं, हे समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका." आणि तोच नियम फोन उचलणाऱ्यालाही आहे. एका माणसानं सगळ्यांना कळवायचं, ते बंद केलंय. आता पथकातल्या आठही जणांना फोन एकदम वाजतो. एवढा भार एकट्यावर टाकायलाच नको होता.

यादीतला पहिला नंबर तोच ठेवलाय. त्याच्यापुढचं नाव काढलं. शहादेव काढून रूपाली टाकलं. नाव बदललं, साठवलं, फोल्डर ओढून टाकलं, झालं. मग घरी आले आणि भाजीत मीठ जास्त पडलं. आई म्हणाल्या, खारट झालीय. मी खाऊन बघितली. खरंच खारट होती.

आईंनी हुरडा भाजून ठेवलाय. हुरडा ठेवायचा नसतो, गरमच खायचा असतो, हे त्यांना सांगून उपयोग नाही. रोज थोडा भाजतात, वाटीत झाकून ठेवतात, संध्याकाळी शेजारच्या लेकरांना वाटून टाकतात. दुसऱ्या दिवशी परत. मला म्हणाल्या, "वावरात अजून आठ-पंधरा दिस हुरडा हाय, तेवढं कळीव त्याला." कळवलं.

आता शेवटचं. ३० तारखेला दुपारी त्या फोनवर एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, "सर्पमित्र पथक, केज. बोला." पलीकडं कुणी बोललं नाही. मागं कुठंतरी गाड्यांचा आवाज होता, मोठ्या रस्त्यासारखा. मी विचारलं, गाव कुठलं? काही नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी म्हटलं, "घाबरू नका, सावकाश सांगा, मी ऐकतेय." मग पलीकडनं फोन ठेवला गेला.

तो कुणाचाही असेल. घाबरलेली माणसं असं करतात. पण तुमचा असला, तर परत करा. दुपारी, संध्याकाळी, कधीही. मला ब्लॉक केलंय ते तसंच राहू द्या, या नंबरवर करा. काही सांगायचं नसलं तर सांगू नका. नुसते बसा फोनवर. पथकाचा नियम आहे आता, समोरच्याचं पुरतं कळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

मी ठेवणार नाही.

तुमची
वहिनी